नऊ वर्षांची गाडी

आमच्या मोंबासात गाडी समुद्रावरच म्हातारी होते. आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात आणायची नाही असा कायदा, आणि एक जानेवारीला सगळ्या गाड्यांचं वय एकदम वर्षाने वाढतं. त्यामुळे डिसेंबरात आम्हा बंदरातल्या दलालांना जेवायलाही फुरसत नसते. एकोणीस वर्षं मी हे काम करतेय. म्हणून तर मुतिंदाने माझ्यावर भरवसा टाकला.

मुतिंदा वोई गावचा टॅक्सीवाला. त्याची जुनी गाडी खिळखिळी झाली होती, पण चालत होती. माझ्यामार्फत घेतलेली आठ वर्षांची दुसरी जपानहून निघाली तेव्हा मीच त्याला म्हटलं, "जुनी आत्ताच विकून टाका, भाऊ. जानेवारीत तिला कुत्रं विचारणार नाही."

"आणि तोवर चालवू काय, झुबेदाच्या आई? बायकोला?"

"ती तुमचं ऐकते होय?"

हसत हसत गेला आणि गाडी विकून मोकळा झाला.

जहाज एकोणतीसला आलं. धक्क्यावर जागा नव्हती, म्हणून बाहेरच उभं राहिलं. किनाऱ्यावरून दिसत होतं. आम्ही बंदरातली माणसं जहाज दिसलं की गाडी आली असंच धरतो. मी फोन करून सांगितलं, "आली तुमची गाडी, चार तारखेला न्यायला या." गाडी उतरली दोन जानेवारीला. कस्टमच्या साहेबाने कागद पाहिला, "नऊ वर्षं" म्हणाला, आणि परत पाठवायचा शिक्का मारला. मी त्याच्या हातापाया पडले. मुतिंदाला कळवायचं मात्र माझ्याने झालं नाही. भ्यालेच मी.

चार तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. सीटवर घालायला बायकोने विणलेले रुमाल पिशवीत होते. मी सांगितलं.

"माझी जुनी बावीस वर्षांची होती," तो म्हणाला. "ती चालते, आणि ही नऊची चालत नाही?"

"देशात आहे तिला कोणी हात लावत नाही, भाऊ. बाहेरून येणारी आत येऊ देत नाहीत."

"मग माझी तीच परत आणून द्या."

विकत घेणाऱ्याला मी त्याच्यासमोरच फोन लावला. त्याने गाडी केव्हाच खोलली होती. जुन्या गाड्या आणायला बंदी आली तेव्हापासून सुट्या भागांना सोन्याचा भाव आलाय. इंजिन एकाला गेलं, दारं दुसऱ्याला.

मुतिंदाने रुमालांची पिशवी गुंडाळून काखेत मारली. मग म्हणाला, "बसचं तिकीट काढून द्याल? मी गाडी घेऊनच परतणार होतो, भाडं आणलंच नाही."

सव्वीस वर्षं वोईची माणसं वाहणारा माणूस. मी तिकीट काढलं, ड्रायव्हरशेजारची जागा मागून घेतली. तिथे नको म्हणाला. मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसला.