मालनकाकींचा घाम

माणसाच्या घामात डर्मसिडिन नावाचं एक इवलंसं प्रथिन असतं आणि ते कातडीवरचे जंतू मारतं. जन्मभर मिठागरात राबलेल्यांच्या घामात ते जास्त असतं का, एवढंच पीएचडी करणाऱ्या कल्पिताला शोधायचं होतं. त्यासाठी तिला बाळकुमच्या अशा अकरा म्हाताऱ्यांचा घाम हवा होता.

पहिल्या खेपेला अकराही जण आंघोळ करून, पावडर फासून आले. "आंघोळ न करता या म्हटलं होतं ना!" कल्पिता कडाडली. दुसऱ्या खेपेलाही ते आंघोळ करूनच आले, फक्त केली नाही म्हणून सांगितलं.

तिसऱ्यांदा ती न कळवता, भर दुपारी, त्या अकरांतल्या मालनकाकींच्या पाचव्या मजल्यावरच्या घरी थडकली. लिफ्ट बंद होती. काकी गच्चीवर सुकट वाळत घालून नुकत्याच उतरल्या होत्या आणि घामाने निथळत होत्या. कल्पिताने घाईघाईने पिशवीतून डबी काढली.

"बस, आलेच," म्हणत काकी आत गेल्या. मोरीतून बादलीचा आवाज आला. दहा मिनिटांनी त्या मानेला पावडर लावून, चहा घेऊन बाहेर आल्या.

"अहो काकी, घाम!" कल्पिता रडकुंडीला आली.

"दारात आलेल्या माणसापुढं घामट बसू काय, पोरी?" काकींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू इथून कुठं चाललीस?"

"चार वाजता सरांकडे. रिपोर्ट द्यायला."

"अशी?"

कल्पिताचा कुडता घामाने पाठीला चिकटला होता. ती उठली आणि मोरीत जाऊन साबणाने हातपाय-तोंड स्वच्छ धुऊन आली. पावडर तिने स्वतःच मागितली.