पाचवीचं पान

पद्माताईंनी कुंकवाचं बोट कीबोर्डकडं नेलं, तसे अनंतराव ओरडले.

"अगं थांब! आत गेलं तर बटणं अडकतील."

पद्माताईंनी बोट टेबलाच्या कडेला टेकवलं.

त्यांच्या सुनेची, स्वानंदीची, मुलगी मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. सातव्या महिन्यातच आलेली, वजन जेमतेम सव्वा किलो. आज तिची पाचवी. आज रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार, म्हणून उशाशी कोरा कागद आणि पेन हवं. पण त्या खोलीत बाहेरची चिंधीसुद्धा नेऊ देत नव्हते.

"मग तुमच्या यंत्रात कोरं पान ठेवा," पद्माताई म्हणाल्या. "त्यात कुणीही, कुठूनही लिहितं ना?"

अनंतराव लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त झालेले सुभेदार. साताऱ्यातल्या घरी फोनला मोडेम जोडून त्यांनी स्वतःचा फलक चालवला होता. ज्याच्याकडं कॉम्प्युटर आहे त्यानं नंबर फिरवावा, आपला मजकूर ठेवावा, दुसऱ्याचा वाचावा. सात दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जाई. एकदा त्यांनी चाचणीसाठी कोरं पान ठेवलं, तर उंब्रजच्या कृष्णातनं लगेच त्यावर लिहिलं, 'सुभेदार, शाई संपली व्हय?' मग काय, बाकीच्यांनाही ऊत आला. वैतागून त्यांनी अटच घातली, की फलकानं कोरं पान घ्यायचंच नाही.

"पद्मा, लय वाह्यात आहेत ही माणसं. काहीबाही लिहितील आणि तू रडत बसशील."

"रडेन. तुम्ही ठेवा."

सटवाई-बिटवाई अनंतराव मानत नव्हते. तरी अर्धा तास खपून त्यांनी ती अट काढली. वर नाव दिलं, 'स्वानंदीच्या मुलीची पाचवी'. खाली काही नाही. मुलाला, राजसला, शेजारच्या नाथाजींचा नंबर कळवला आणि घरचा फोन रात्रभर मोडेमला सोडला.

पहाटे ते मुद्दाम लवकर उठले. काही वेडंवाकडं असेल तर आधीच पुसावं, हा बेत. पण पद्माताई अंघोळ करून पडद्यासमोर बसलेल्याच होत्या.

"उघडा."

पान कोरं होतं.

"म्हणजे कुणी आलंच नाही?"

अनंतरावांनी येणाऱ्यांची यादी काढली. मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली.

"चौदा जण आले. सगळ्यांनी हे पान उघडलं. कृष्णातनं तर दोनदा."

"मग?"

"कुणी एक अक्षर लिहिलं नाही. जागा सोडली सटवाईसाठी."

तेवढ्यात कुंपणापलीकडून नाथाजींची हाक आली.

"आवं सुभेदार! राजसचा फोन हाय. पोरीनं दोन चमचे दूध घेतलं म्हणतोय!"

पद्माताईंनी कोऱ्या पडद्याला हात जोडले. मग एकदम घाबरून विचारलं, "हेही सात दिवसांनी पुसणार?"

"कोरंच तर आहे. त्यात पुसायचं काय?" असं म्हणत अनंतरावांनी त्या पानापुढचा सातचा आकडा काढून टाकला.