उजवीकडची बटणं

शिलाईवालीच्या नजरेतून एक टाका सुटत नाही, तर बटणं काय सुटणार! लेकीचा वर्कशॉपचा कोट धुवायला घेतला आणि तिचा हात थबकला. बटणं उजवीकडे होती. म्हणजे कोट पुरुषी. मुलींचे कोट तर तिनेच शिवले होते, बटणं डावीकडे लावून.

"काय गं ठके, हा कोणाचा?"

"माझाच की," ठकी म्हणाली आणि ताटात डोकं घालून जेवत राहिली.

यंदापासून तंत्रशाळेत मुलं-मुली एकत्र आली होती. दोघांची जोडी, मिळून एक यंत्र. जाऊबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "विस्तवाशेजारी लोणी ठेवा आणि मग वितळलं म्हणून रडा." शिलाईवालीने त्यांना उडवून लावलं होतं. आता मात्र तेच वाक्य तिचा पिच्छा सोडेना. लेक हसली तरी संशय, गप्प बसली तरी संशय. कपड्यांना तेलाचा वास, नखांत काळं. कोट बदलण्यापर्यंत मजल गेली, तर पुढे काय? मन चिंती ते वैरी न चिंती. दुसऱ्या दिवशी ती ठकीची शाळा सोडवायलाच निघाली.

वर्कशॉपच्या दारात सर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. आत यंत्रांची घरघर.

"मुलं-मुली एकत्र... म्हणून म्हटलं जरा..." तिने चाचरत सुरुवात केली.

"अहो, काळजीच सोडा! एकत्र म्हणजे नुसतं म्हणायला. मुलींना मी यंत्राला हात लावू देत नाही. त्या कोपऱ्यात बसून वह्या लिहितात. तो कडेचा पाठमोरा पोरगा बघा. काय हात आहे त्याचा!"

तिने बघितलं. टोपी, कोट. आणि डावा खांदा उचलून उभं राहायची ती खोड. ठकीच! कोपऱ्यात मुलींमध्ये, आखूड बाह्यांच्या कोटात, डोक्याला रुमाल बांधून एक किडकिडीत पोरगा खाली मान घालून लिहीत होता.

तिचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ संताप आला, आणि तो त्या पोरावर नव्हता. इथे येताना जे ऐकायची तिला आस होती, नेमकं तेच सर बोलले होते, आणि ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमची कोणती?" सरांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर ठकीचं यंत्र तिथल्या तिथे गेलं असतं. शिलाईवालीने कोपऱ्याकडे बोट केलं.

"ती. रुमालवाली."

"वा! फार सालस मुलगी. कधी मान वर करत नाही."

"मग! चांगल्या घरातली आहे ती," शिलाईवाली ठासून म्हणाली.