थोरलीची ओळ

निवडणूक आली की मला काम मिळतं. एरवी मी काय करतो हे विचारू नका, बायकोनेसुद्धा विचारायचं सोडलंय. याद्या जुळवणं, चिठ्ठ्या वाटणं, सभेला खुर्च्या मांडणं, मतदानाच्या दिवशी टेबलामागे बसणं, जे मिळेल ते मी करतो. एखादी गल्ली दोनदा पायाखालून गेली की कुठल्या दारामागे किती मतं आहेत हे मला तोंडपाठ होतं. याचा मला गर्व होता. चारचौघांत मी ते बोलूनही दाखवायचो.

या खेपेला जे झालं ते मी थोडक्यात सांगितलं तर तुम्ही म्हणाल, जाऊ दे, चुका माणसांकडूनच होतात. म्हणून थोडक्यात सांगत नाही.

मतदानाआधीचे तीन आठवडे मी एका उमेदवाराच्या प्रचारात होतो. यादी घेऊन घरोघर जायचं, दोन शब्द बोलायचे आणि बाहेर आल्यावर प्रत्येक नावापुढे खूण करायची. माणूस आपला असेल तर टिक, त्यांचा असेल तर फुली, कुंपणावरचा असेल तर गोल. गोलवाल्यांकडे पुन्हा जायचं, फुलीवाल्यांकडे चप्पल झिजवायची नाही.

पाण्याच्या टाकीजवळच्या गल्लीत शेवटच्या घरात दोघी बहिणी राहायच्या. दोघींनीही लग्न केलेलं नव्हतं आणि दोघींनी सत्तरी ओलांडली होती. थोरली शाळेत शिकवायची, अजूनही सगळे तिला बाईच म्हणत. धाकटी कपडे शिवायची. दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात कायमचा लुळा पडला. त्याआधी घर विकायचं की ठेवायचं यावरून दोघींमध्ये चार वर्षं अबोला होता. एकाच घरात दोन शेगड्या, दोन कुलपं. हात गेला त्या दिवशी बाईंनी बहिणीला आपल्या हाताने भरवलं आणि अबोला तिथेच संपला. हे मला धाकटीनेच सांगितलं, पहिल्याच भेटीत, मी न विचारता. बोलताना ती जरा अडखळायची, पण थांबायची नाही.

मी थोरलीपुढे टिक केली आणि धाकटीपुढे फुली.

"एकाच घरात दोन पक्ष?" मी विचारलं.

"मग काय! चाळीस वर्षं हिचं मत मी खाते आणि माझं ही खाते. दोघी घरी झोपून राहिलो तरी निकाल तोच."

"मग जातेस कशाला उन्हातान्हात?" बाई आतून म्हणाल्या.

"तू जातेस म्हणून."

दोघी एकत्र मात्र कधी जायच्या नाहीत. एकत्र गेलं की वाटेत भांडण होतं, म्हणून धाकटी सकाळी आणि बाई दुपारी. मला ते घर इतकं आवडलं, की फुली असूनही मी तिथे चारदा गेलो.

मतदानाला चार दिवस उरले आणि सरकारी कचेरीतून निरोप आला. टेबलावर बसणाऱ्यांपैकी एकजण आजारी पडला होता, येतोस का? त्या कामाआधी एका कागदावर सही करावी लागते, की मी कुठल्याही उमेदवाराचं काम केलेलं नाही. मी सही केली. हात थरथरला वगैरे काही नाही, चांगली वळणदार सही केली. केंद्राचे प्रमुख साहेब म्हणाले होते, दिवस नीट पार पडला तर कचेरीत सहा महिन्यांच्या कामासाठी तुझं नाव सुचवतो. सहा महिने! आमच्या घरात एवढ्या लांबचा विचार कुणी कधी केला नव्हता. बायकोने स्वतःहून शर्टाला इस्त्री करून दिली.

मतदान एका शाळेच्या वर्गात होतं. पहिल्या टेबलावर मी, समोर यादी आणि पट्टी. मतदार आला की कार्ड आणि चिठ्ठी बघायची, त्याची ओळ शोधून खाली पट्टी लावायची, नंबर आणि नाव दोन्ही मोठ्याने वाचायचं आणि ओळीवर रेघ मारायची. शेजारच्या टेबलावरची बाई तो नंबर रजिस्टरमध्ये लिहायची, त्यापुढे सही किंवा अंगठा घ्यायची आणि बोटाला शाई लावायची. भिंतीपाशी दोन्ही पक्षांचे एजंट बसले होते. नाव मोठ्याने वाचायचं ते त्यांच्यासाठीच. आमच्या उमेदवाराच्या एजंटाने मला ओळखलं आणि शहाण्यासारखा खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्यांचा एजंट चष्मेवाला होता. तो प्रत्येक नाव आपल्या यादीशी ताडून बघत होता.

साडेदहाच्या सुमाराला धाकटी आली. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई, तू इथे? परवा तर आमच्याकडे आला होतास, त्या—"

चष्मेवाल्याने मान वर केली. 

"चला मावशी, चला, मागे रांग आहे," मी म्हणालो. तिचा चांगला हात अजून पिशवीतच होता, कार्ड शोधत. मी ते बाहेर येऊच दिलं नाही. मला गल्ली पाठ होती, घर पाठ होतं, पानसुद्धा पाठ होतं. एकाखाली एक दोन ओळी, शेजारी तिकिटाएवढे दोन फोटो, दोघी बहिणी एकमेकींसारख्याच दिसणाऱ्या. मी वरच्या ओळीवर रेघ मारली आणि नुसता नंबर पुकारला. नाव वाचलं नाही. नाव वाचलं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं, की अरे, ही ताई आहे. पण ती आणखी काही बोलायच्या आत मला ती पुढे जायला हवी होती. शेजारच्या बाईने तिचा लुळा हात बघितला आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला. मत देऊन जाताना धाकटीने दारातून मला शाईचं बोट दाखवलं.

चार वाजता बाई आल्या. इस्त्रीची साडी, हातात कार्ड, कार्डावर चिठ्ठी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, भिंतीपाशी बसलेल्यांकडे पाहिलं, आणि ओळखसुद्धा दाखवली नाही. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. मला हायसं वाटलं. मग मी पान उलटलं, पट्टी लावली आणि बघतो तर ओळीवर रेघ.

"तुमचं मत झालंय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुणी दिलं?" बाईंनी बोट पुढे केलं. बोट कोरं होतं.

साहेब उठून आले. रजिस्टर उघडलं. बाईंच्या नंबरापुढे अंगठा होता.

"मी पस्तीस वर्षं मुलांना लिहायला शिकवलं," बाई म्हणाल्या, "मी अंगठा देईन?" आणि त्यांची नजर त्या अंगठ्यावरच थांबली. त्यांच्या घरात अंगठा एकाच माणसाचा उठत होता. ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी बघितलं.

आमचा एजंट तर टपूनच बसला होता. "खालच्या ओळीत यांची बहीण आहे, साहेब. तिच्या नावावर अजून रेघ नाही. म्हणजे सकाळी यांच्या नावाने देऊन गेली, आता स्वतःच्या नावाने येईल. ती त्यांची आहे, बघा." त्याने हातातली यादी पुढे केली. धाकटीच्या नावापुढे फुली होती. माझीच फुली, माझ्याच पेनाची.

चष्मेवाला माझ्याकडे वळला. "सकाळी त्या बाई आल्या तेव्हा तुम्ही नाव वाचलं होतं का? मला ऐकल्याचं आठवत नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं: घाई केली, ओळ चुकली. साहेब ओरडले असते, दोन कागद जास्त भरावे लागले असते. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की घाई का केली, ती बाई तुम्हाला ओळखते कशी. आणि कचेरीत माझी सही होती.

"वाचलं होतं," मी म्हणालो.

"कार्ड, चिठ्ठी?"

"दोन्ही बघितलं. याच नंबराची चिठ्ठी होती." मग कुणी न विचारता वर आणखी म्हणालो, "फोटोत दोघी सारख्याच दिसतात, साहेब. मी तरी किती ओळखणार?"

आमचा एजंट म्हणाला, चिठ्ठ्या तर दोन्ही पक्षांनी घरोघर टाकल्यात, दुसरीची उचलायला कितीसा वेळ लागतो. बाई ऐकत उभ्या होत्या. साहेबांनी विचारलं, रीतसर तक्रार करायची का, पोलीस बाहेरच आहेत.

"नको," बाई म्हणाल्या. "घरचं आहे."

अशा वेळी मतदाराला कागदाची वेगळी मतपत्रिका देतात आणि ती पाकिटात बंद करून ठेवतात. साहेबांनी तसं सांगितलं. बाईंनी शिक्का मारला, कागदाची नीट घडी केली आणि विचारलं, "हे पाकीट उघडणार कोण?"

"कोर्टाने सांगितलं तर."

"म्हणजे कुणी नाही."

साहेबांनी पाकीट चिकटवलं. बाई जाताना माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू घाबरू नकोस. आमच्याकडे यायचास ते मी कुठे बोलणार नाही. पोटापाण्याचा प्रश्न असतो. आणि यात तुझी काय चूक?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि तरीही पुढच्या मतदाराचा नंबर मी वाचला, नावासकट, खणखणीत आवाजात.

आठव्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड का असं पडलंय?" मी तिला सगळं सांगितलं.  ती पत्राची घडी करत म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांग." पत्र तिने कपाटात ठेवलं, परत करायला मात्र सांगितलं नाही. दोष देत नाही मी तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं: ओळ मी चुकवली, आणि नंतर खोटं बोललो. एवढंच बोलायचं, पाल्हाळ लावायचं नाही.

दार धाकटीने उघडलं. ती आठ दिवसांत वाळली होती. मला बघून तिने मान खाली घातली. माझ्यासमोर, तिने.

"ये," ती म्हणाली. "मीच येणार होते तुझ्याकडे. घर माहीत नव्हतं."

"मावशी, मला जरा—"

"आधी माझं ऐक. मला खरंच आठवत नाही रे. आधी मी ताईशी खूप भांडले. शपथा घेतल्या. म्हटलं, मी माझंच मत दिलं, मला काय वेड लागलंय? पण ताई म्हणाली, त्या मुलाने चिठ्ठी स्वतः बघितली, नंबर बघितला. मग मी विचार केला. तू कशाला खोटं बोलशील? आपल्यात काय वैर आहे? म्हणजे मीच तिची चिठ्ठी नेली असणार. हात गेला तसं डोकंही जायला लागलंय, दुसरं काय." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आता मी बाहेरचं काही करत नाही. चाव्यासुद्धा ताईकडे दिल्यात. पुढच्या वेळी मतालाही जाणार नाही. न जाणो, पुन्हा काही करून बसायची."

बाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कबूल केलं तिने," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून ते मिटलंय. पण तिच्या मनाने घेतलंय, की तिच्यामुळे तुला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. चार दिवस धड जेवली नाही. तू रागावला नाहीस एवढं सांग तिला, म्हणजे सुटेल बिचारी."

धाकटीने डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलला, डाव्याला जोडला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"माफ कर रे बाबा," ती म्हणाली.

वाक्य तोंडाशी होतं. पाठ केलेलं, सोपं वाक्य. पण ते बोललो तर या दोघी माझ्याकडे कशा बघतील हे मला दिसलं, आणि कपाटातलं पत्र दिसलं, आणि कुठलं आधी दिसलं ते मला आजही सांगता येणार नाही.

"असू दे, मावशी," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी. मी रागावलेलो नाही."

"बघ ताई," ती लगेच बाईंकडे वळली, "तो म्हणाला, रागावलेला नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखी ती दिसत होती.

मी तिला माफ केलं होतं. उभ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या पटकन माफ केलेलं नाही.

"बस ना," ती म्हणाली, आणि मी बसलो.