बाईंच्या दंडावरचा सेन्सर

मी ग्लुकोज सेन्सर बोलतोय, बाईंच्या दंडावरून. दिसायला कोटाच्या बटणाएवढा, पण कामाला वाघ. केसासारखी बारीक तार बाईंच्या कातडीखाली ठेवायची, तिथली साखर मोजायची आणि मोबाईलला कळवायची, ही माझी नोकरी. सुट्टी नाही, आणि आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं.

बाई शाळेत गणित शिकवतात. मधुमेह त्यांना नाही, धाकट्या भावाला आहे. टाइप वन, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. पण बहिणीचंही रक्त तपासलं तेव्हा त्यात त्याच आजाराच्या खुणा सापडल्या.

"त्रास होत नाही म्हणून गप्प बसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा सेन्सर लावा आणि नेहमीसारखं खा-प्या. साखर किती वर जाते, किती वेळ वर राहते, त्यावरून आजार किती जवळ आलाय याचा अंदाज येतो."

बाईंनी सगळं ऐकलं, 'नेहमीसारखं' तेवढं सोडून. त्यांच्या लेखी मी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मिळायलाच हवेत. झालं! चहा बिनसाखरेचा, डब्यात काकडी. शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या वाढदिवसाचा केक आला, की बाईंना तपासायच्या वह्या आठवायच्या. जेवण झालं रे झालं की जिन्यावर चढ-उतार. मोबाईलवरची माझी रेघ अगदी इस्त्री केल्यासारखी सपाट. बाई खूश होत्या आणि मी मनातल्या मनात चडफडत होतो.

रविवारी भाऊ आला. त्याने आधी मोबाईल पाहिला, मग बहिणीचं ताट.

"ताई, एवढंच जेवण?"

"भूक नाही रे."

"आठवडाभर भूक नाही? ताई, तू चक्क कॉपी करतेयस."

जन्मभर पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढणाऱ्या बाईंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते."

भावाने थट्टा सोडली. "मला कळलं तेव्हा मी बेशुद्ध होतो आणि आई बाहेर रडत होती. तुला आधीच कळायची सोय आहे. ती अशी घालवू नकोस."

तो खाली जाऊन केक घेऊन आला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि पुढचे दिवस खरोखर नेहमीसारखं जेवल्या. माझी रेघ एकशेचाळीसच्या वर चढली, तिथेच रेंगाळली आणि सावकाश उतरली. पुन्हा पुन्हा तसंच झालं. खोटं बोलणं मला जमत नाही, पण त्या दिवसांत ते जमलं असतं तर बरं, असं वाटून गेलं.

"आजार पुढे सरकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इन्सुलिन लागेल, पण आज नाही. कदाचित वर्ष-दोन वर्षांत. नक्की तारीख कुणीच सांगू शकत नाही. आपण लक्ष ठेवू."

बाई घरी आल्या, तेव्हा भाऊ आलेला होता. दुपारी भावाने जेवणाआधीचं इंजेक्शन बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे. कसं टोचायचं ते दाखव."

भावाने आपल्या पोटावरची जागा दाखवली. गणिताचं उत्तर तपासावं तशी बाईंनी ती दोनदा तपासली आणि टोचलं. सुई नीट गेली.

"दुखलं का रे?"

"नाही गं. चल, भूक लागलीय."

माझी मुदत आज संपतेय. जेवण झालं की बाई मला ओढून काढतील, थोडं चुरचुरेल. पुढे कधी तुमच्या दंडावर माझा एखादा भाऊबंद आला, तर त्याला खूश करायला उपाशी राहू नका. त्याला वाईट बातमी सांगायची असली तरी सांगू द्या. बाईंनी ऐकली, आणि आत्ता त्या भावासमोर बसून पोटभर जेवतायत.