या ना एकदा घरी

आमच्या यांचं नाव हैबतराव. नावाला साजेल असं काम आयुष्यात त्यांनी एकदाच अंगावर घेतलं. मुंबईच्या जवळ बिऱ्हाड करायचं तर नेमकं कुठे, हे ठरवायचं काम. तीन आठवडे ते ठरवत होते आणि तीन आठवडे कारखान्यातलं त्यांच्या वाटचं काम मी करत होते.

पेणजवळच्या जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना आहे. साचे, शाडू आणि रंग आमचे हे आणि माझे धाकटे दीर केरूभावजी बघतात. डोळे मी आखते. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी हातात बारीक ब्रश दिला, तो वीस वर्षांत खाली ठेवलेला नाही. मुंबईचं गिऱ्हाईक येतं, गणपतीसमोर उभं राहतं आणि यांना म्हणतं, "काय डोळे काढता हो तुम्ही!" हे मान खाली घालून हसतात. मी तेव्हा आतल्या पडवीत पुढच्या गणपतीची बुबुळं भरत असते.

त्या वर्षी आमच्या मालूला ठाण्याच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. यादीत नाव लागलं तेव्हा मी रंगाच्या हातानेच तिला मिठी मारली. पंधरा जुलैला हजर व्हायचं होतं. वसतिगृह भरून गेलं होतं आणि जोह्याहून निघून सकाळी सातला ठाण्याच्या वॉर्डात उभं राहणं या जन्मात शक्य नव्हतं.

"पंधराच्या आत बरी जागा मिळाली तर आपण सगळीच जाऊ," यांनी जाहीर केलं. "केरू हितं बघेल, आपण तिकडं दुकान टाकू. नाय मिळाली तर मालू पेणला बी.ए. करेल. बी.ए. काय वाईट हाय?"

कॉलेजचं पत्र मालूने घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. 'बरी जागा' म्हणजे यांच्या डोक्यात काय असतं ते मला ठाऊक होतं.

यांचं एक शास्त्र आहे. गिऱ्हाईक कसा गणपती मागतं त्यावरून त्या वस्तीतली माणसं कशी ते कळतं म्हणे. आमच्या कारखान्यात गिऱ्हाइकाला नावाने कोणी ओळखत नाही. डोंबिवलीवाले, मुलुंडवाल्या, दिवा स्टेशनाजवळची ती दिवेवाली, असंच चालतं. डोंबिवलीवाले अठरा वर्षं येतात, डोळे पाणीदार मागतात, प्रमाणबद्धतेवर बोलतात. म्हणजे डोंबिवली सुसंस्कृत. मुलुंडवाल्या बाई भाव करत नाहीत, कुंकवाच्या रंगाची तेवढी चौकशी करतात. म्हणजे मुलुंड घरंदाज. दिवेवाली दर वर्षी सगळ्यात लहान मूर्ती घेते, सगळ्यात मोठं भांडण करते आणि जाताना पावसासाठी आमचीच ताडपत्री मागून नेते. ती परत आणत नाही. म्हणजे दिव्यावर फुली.

"दिव्याला मानसं ऱ्हातात काय?" हे म्हणाले. "पानी नाय, रस्ता नाय."

"आपल्याकडं तरी उन्हाळ्यात कुठं पानी हाय?" मी विचारलं.

"ती गोष्ट निराळी," हे म्हणाले. कशी निराळी ते अजून सांगायचे आहेत.

या शास्त्राचा पाया काय, तर गिऱ्हाइकांचं एक वाक्य. आमच्याकडे चहा घेऊन, पोहे खाऊन, झाडाचे आंबे पिशवीत घालून निघताना प्रत्येक जण गाडीच्या काचेतून म्हणतो, "या ना एकदा घरी." आमचे हे तेवढ्यावर वीस वर्षं विसंबून होते. जोह्यात कोणी 'ये' म्हणाला की त्याच्या घरात ताट मांडलेलं असतं. मुंबईकडे हे वाक्य 'बरंय, निघतो' म्हणण्याची एक पद्धत आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं का? नव्हतं. पण मी निदान जायला निघाले नव्हते.

पहिली डोंबिवली. बायको बरोबर असली की लोक घर देतात म्हणून मलाही नेलं. कारखान्यात दोनशे गणपती आंधळे बसलेले आणि मी ठेवणीतलं पातळ नेसून जिने चढतेय. डोंबिवलीवाल्यांनी साखळी न काढता दार चार बोटं उघडलं.

"अरे! पेणवाले! आत्ता कसे? मूर्तीला काही झालं का?"

"नाय नाय, मूर्ती झकास हाय. तुम्ही म्हनाला होता ना, घरी या."

फटीतल्या डोळ्यांना ते आठवेना. मग साखळी निघाली. आम्हाला पाणी मिळालं, ते जिन्यातच. आत पाहुणे होते म्हणे. पाहुण्यांचा आवाज मला तरी ऐकू आला नाही, टीव्हीचा आला. यांनी जागेचं विचारल्यावर ते म्हणाले, "आमच्या सोसायटीत सध्या काहीच रिकामं नाही हो." खाली फाटकावर 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मी ती यांना वाचून दाखवली. मोठ्याने वाचली.

"जुनी असंल," हे म्हणाले.

असं करत बारा जुलै उजाडला. कल्याणला यांचे एक गिऱ्हाईक गावाला गेलेले निघाले, भांडुपचे ओळख विसरलेले निघाले. हे रोज संध्याकाळी नव्या वस्तीचे गुण सांगत आणि मालू रोज सकाळी दिनदर्शिकेकडे बघे. तेवढ्यात मुलुंडवाल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या नणंदेचा फ्लॅट त्याच इमारतीत रिकामा होता. यांची छाती एवढी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली.

मुलुंडला आम्ही तिघं गेलो. तिथे साखळी नव्हती. बाईंनी सोफ्यावर बसवलं, चहा दिला, मालूला मार्क विचारले, शाबासकी दिली. समोर काचेच्या कपाटात दिवा लावून एक वीतभर गणपती ठेवला होता. आमचाच. दोन वर्षांपूर्वी बारमाही ठेवायला म्हणून खास करून घेतलेला.

"हे डोळे बघा," बाई म्हणाल्या. "सकाळी उठून यांच्याकडे पाहिलं की मन कसं पवित्र होतं. कोण आखतं हो?"

"आपलंच काम हाय ते," हे म्हणाले आणि मान खाली घालून हसले.

मी चहा प्यायले. मालूने माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हणून डोळ्यांनी सांगितलं. जागा मिळत होती. डोळे कोणाच्या का नावावर जाईनात.

फ्लॅट छान होता. खिडकीतून मालूच्या कॉलेजची बस दिसली असती. बाईंनी किल्ली हातात घेतली आणि सहज विचारलं, "तुम्ही मासे वगैरे खात नाही ना?"

आम्ही कोकणातली माणसं. आमचे हे खोटं बोलायचं ठरवून थोडं खरं बोलले. "रोज नाय," ते म्हणाले. "आईतवारी."

"नाही, आमचं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "पण सोसायटीत चालत नाही. आणि वास! एकदा शिरला की भिंतीतून जात नाही. त्यातून तुम्ही देवाचं काम करणारे, म्हणून मला वाटलं..." किल्ली पर्समध्ये गेली. दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "पण गणपतीत भेटूच. या ना एकदा घरी, निवांत."

आत्ता कुठून बाहेर निघालो होतो आम्ही? शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते माझ्या. पण मालूचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिथे बोलून तिची जागा परत मिळणार नव्हती. मी चपला घातल्या. बाईंचं ते वाक्य मात्र मी जपून ठेवलं.

परतताना दिव्याला उतरून पेणवरून जाणारी रोह्याची गाडी धरायची असते. गाडीला दीड तास होता. हे बाकावर बसून म्हणाले, "बी.ए. काय वाईट हाय." मालू तोंड फिरवून रडायला लागली. मग मला बसवेना. मी तिला उठवलं आणि स्टेशनाबाहेर चिखलात उतरले.

दहा पावलांवर एका चाळीतून सुका जवळा भाजल्याचा वास आला. कांदा, तिखट, वर चार आमसुलं. आषाढातला आमच्या घरातला वास. मी नाक वर करून त्या वासाच्या मागे गेले. खालच्या खोलीचं दार सताड उघडं, दारात आमची ताडपत्री टांगलेली, आणि चुलीपाशी दिवेवाली. तिचं नाव इंदुबाई हे मला त्या दिवशी कळलं.

"अगो पेणवाली!" ती ओरडली. "ताडपत्री न्यायला आलीस व्हय? पावसाळा संपल्यावर देईन."

आधी भाकरी वाढली, मग विचारलं कशाला आलात. वरची खोली रिकामी होती. पाणी आहे का, मी विचारलं. "भरपूर!" इंदुबाई म्हणाली. ते धडधडीत खोटं होतं, पाणी एक दिवसाआड येतं आणि तेही बादलीला भांडून. पण पंधरा तारखेला सकाळी सातला मालू पांढऱ्या कपड्यांत ठाण्याच्या वॉर्डात उभी होती.

मी मालूबरोबर दिव्यालाच राहिले, गणपती झाल्यावर हे येणार होते. दिवा नापसंत असल्याचं अजूनही सांगतात. पण तिकडे जोह्यात जुन्या गिऱ्हाइकांच्या तीस मूर्तींना डोळे आखायचे राहिले होते. केरूभावजींनी एका गणपतीचे आखून पाहिले, तो तिरळा झाला. शेवटी यांनी तीसही मूर्ती टेम्पोत घालून माझ्या खोलीत आणून ठेवल्या आणि सगळ्यांना फोन केले, की यंदा गणपती दिव्याला मिळतील. डोळे तिकडं असतात.

डोंबिवलीवाले आले, चिखलात चप्पल हरवून बसले. श्रावण संपायला चार दिवस असताना मुलुंडवाल्या बाई आल्या. इंदुबाई श्रावण पाळत नाही. खाली बोंबील तळत होते आणि बाई नाकाला रुमाल लावून जिना चढत होत्या. मी दार पूर्ण उघडलं, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. मूर्ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना खरंच भरून आलं. तेव्हा ब्रश माझ्या हातात होता, तो त्यांना दिसला.

"तुम्ही आखता?" त्यांनी विचारलं. मग रुमालाआडून हळूच, "आज तुम्ही... खाल्लं नाही ना काही?"

"आज नाय हो बाई, माझा श्रावण हाय," मी म्हटलं. "तुमच्या कपाटातल्या गणपतीचं निराळं. तो पौषातला. त्या दुपारी सुक्या बोंबलाचं कालवण झालं होतं. भरपेट जेवले आनि मगच डोळे आखायला बसले. हात स्थिर ऱ्हातो."

बाईंनी रुमाल काढला. पुन्हा लावला. मग मूर्ती दोन्ही हातांनी धरायची म्हणून तो खांद्यावर टाकावा लागला, आणि नाक उघडं ठेवून त्या एकेक पायरी जपून उतरू लागल्या.

मी कठड्यावर वाकले.

"या ना एकदा घरी," मी म्हटलं. "निवांत."