पटसंख्येपुरती आई

मी समुद्रकाठच्या गावी शिकायला जाणार हे कळल्यावर आमच्या नातेवाइकांचे चेहरे असे काही खुलले, की जणू मी अभ्यासाला नाही, त्यांच्यासाठी जागा धरायला निघाले होते. "चला, आपली राहायची सोय झाली," मावशी म्हणाली. काका म्हणाला, "रोज उठून समुद्र. मजा आहे बुवा एका माणसाची." मी तिथे शिकणार काय आहे, हे एकानंही विचारलं नाही. मी 'किनारा अभ्यास' शिकणार होते. म्हणजे वाळू कुठून येते, कुठे जाते, आणि ती जाऊ नये म्हणून माणसं काय काय उद्योग करून ठेवतात. हे मी आपणहून सांगितलं, तेव्हा दादानं "वाळू मोजायला पदवी लागते होय?" एवढंच विचारून दात काढले.

गाव म्हणजे काय सांगू. एकच मोठा रस्ता, तो समुद्रापासून निघतो आणि कॉलेजपाशी येऊन दमतो. सुट्ट्यांत पाहुण्यांची झुंबड उडते, बाकीचं वर्ष गाव विद्यार्थ्यांवर जगतं, आणि दोघांचाही त्याला मनापासून वैताग आहे. झेरॉक्सच्या दुकानात पोहायच्या टोप्या मिळतात. माझ्या इमारतीवर 'समुद्रदर्शन' अशी पाटी होती आणि माझ्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. मी मालकीणबाईंना विचारलं, समुद्र कुठाय? त्या म्हणाल्या, "ऐकू येतो ना? मग झालं." वर दम दिला तो वेगळाच. ओल्या पायांनी जिना चढायचा नाही, वाळू आत आणायची नाही, आणि खिडकी उघडायची नाही, कारण खारा वारा बिजागऱ्या खातो.

"मग श्वास कसा घ्यायचा?" मी विचारलं.

"आधीचे विद्यार्थी घेत होते की," त्या म्हणाल्या आणि किल्ली देऊन खाली गेल्या.

आई मला खोली लावून द्यायला आली होती. दोनचार दिवसांत परत जाते म्हणाली होती. पण तिनं आल्या आल्या कपाट पुसलं, पलंग दोनदा हलवला, गादीला उन्हं दाखवली, मालकीणबाईंशी नळाच्या धारेवरून हुज्जत घातली आणि बघता बघता मुक्काम ठोकला. मी आतल्या आत धुमसत होते. अहो, मी घरातून निघाले होते ते एकटीनं राहायला. कधी झोपलीस, किती जेवलीस, केस का ओले ठेवलेस, हे विचारणारं कुणी नको म्हणून मी एवढ्या लांबचं कॉलेज शोधलं, आणि विचारणारी बाई सामानासकट माझ्या खोलीत.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती वर्गातही आली. "पंखा नेमका कुठे आहे बघते, तुला अंगावर वारा सोसत नाही," असं म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आम्ही विद्यार्थी मोजून सात. तेवढ्यात सर आले. आमच्या विषयाचे विभागप्रमुख तेच, प्राध्यापक तेच आणि प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्लीही त्यांच्याच खिशात. त्यांनी बोटानं डोकी मोजली, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला वाटलं, किती हा शिक्षणाचा ध्यास.

"आठ," ते म्हणाले. "वाचलो."

कॉलेजचा नियम असा, की एखाद्या विषयाला आठ विद्यार्थी नसले तर तो विषय त्या वर्षी बंद. पट वर पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. मग सरांच्या लक्षात आलं, की आठवी विद्यार्थिनी माझ्या माहितीपत्रकानं वारा घेत बसली आहे आणि तिचे केस पिकले आहेत. त्यांचा चेहरा पडला. पण पडून राहील तो माणूस कॉलेजात इतकी वर्षं टिकतो कसा. ते थेट मागच्या बाकापाशी गेले.

"ताई, तुमची शाळा पूर्ण झालेली आहे ना?"

"शाळा झाली. कॉलेजात नावही घातलं होतं," आई म्हणाली. "मग लग्न ठरलं."

"म्हणजे पात्र आहात. नाव तेवढं घालू द्या. नावापुरतंच हो, तुम्हाला कुठे खरंच शिकायचंय."

विषय बंद झाला असता तर मी बॅगा उचलून परत घरी, दादाचे दात बघायला. म्हणून जिनं घरी जावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, तिच्याच मी हातापाया पडले. आई आढेवेढे घेत म्हणाली, "बाबांना विचारते." बाबांनी फोनवर परवानगी दिली, आणि ती अशी, जणू आपल्या खिशातलं काहीतरी काढून देत आहेत. "घाल नाव. नावानं काय होतंय. पण रविवारी घरी ये."

रविवारी कसली जाते. तपासणी कधीही येऊ शकते, त्यामुळे डोकं नुसतं पटावर असून चालत नाही, बाकावरही लागतं, असं सरांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "मग आमच्या जेवणाचं काय?" त्यानंतर त्यांचा रोज फोन. इस्त्रीची वायर कुठे आहे, दुधाचं भांडं कुठलं, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण. या माणसानं आयुष्यभर अख्खं गोदाम सांभाळलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, आई हुशार निघाली असेल. एवढी वर्षं दडून राहिलेली बुद्धी वगैरे. छे, अजिबात नाही. एकच शंका ती तीनतीनदा विचारायची. "सर, जरा सावकाश" हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी सर तिच्याकडे बघूनच सावकाश व्हायचे. किनाऱ्यावर मोजणीला गेलो की ती काठी वाकडी धरायची आणि वर म्हणायची, काठी सरळच आहे, वाळूच तिरकी आहे. मुलं काकू म्हणायला लागली, तर तिनं बजावलं, वर्गात काकूबिकू चालणार नाही. मला तर मान वर करायची सोय नव्हती. संध्याकाळी जेवण झालं की ती माझ्यासमोर वही उघडून बसायची. ओठ हलवत वाचायची, मध्येच थांबून विचारायची, "अगं, भरती-ओहोटीचं मला कळलं, पण वाळू परत येते हे मोजणाऱ्यांना कळतं कसं?" मी सांगायचे, चिडून सांगायचे, पण सांगायचे. तिला उत्तर पटलं की ती टेबलावर हलकेच चापट मारायची. नाही पटलं तर मला उठू द्यायची नाही.

पहिली परीक्षा पन्नास गुणांची. मला अडतीस पडले, आईला पंचवीस, आणि पासाला निम्मे लागायचे, म्हणजे काठावर पास. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली, पेपर छातीशी धरून खोलीवर आली, आणि मग दिव्याखाली बसून तिनं त्याचं पान न पान उलटलं.

"माझ्या पेपरवर लाल शाई कुठेच कशी नाही?" ती म्हणाली.

खरंच नव्हती. माझ्या पेपरवर सरांनी फुल्यांचा पाऊस पाडला होता. तिच्या पहिल्या पानावर नुसते पंचवीस, आत कोरं करकरीत. मी म्हणाले, "पास आहेस ना? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?" 

त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजातून एक मुलगा बदलून आला. खांद्यावर कायम टॉवेल, म्हणून आम्ही त्याला टॉवेलच म्हणायला लागलो. टॉवेल आला आणि आमचे आठ पुरे झाले. सरांनी स्वतः येऊन आईला सांगितलं, "ताई, सुटलात तुम्ही. फार उपकार झाले." मी बाबांना फोन केला. मला खोटं कशाला बोलायचंय, आनंदानं केला. शनिवारी बाबा गाडी घेऊन हजर. एवढ्या झटपट ते माझ्या प्रवेशालाही आले नव्हते. आईनं तोवर बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"निघण्याआधी सरांना भेटते," ती म्हणाली. आम्ही तिघं सरांच्या खोलीत गेलो. सरांनी चहा मागवला, बाबांचे आभार मानले. आईचे नाही, बाबांचे, त्यांनी तिला इतके दिवस राहू दिलं म्हणून. बाबांनी मोठ्या मनानं मान हलवली. मग आईनं पेपर टेबलावर ठेवला.

"हा तपासा."

"अहो ताई, पास आहात तुम्ही."

"न वाचता?"

सर हसले. "तुमचं आपलं नावापुरतं होतं ना. म्हटलं, उगाच नापास कशाला करा."

"वाचा," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

सरांनी आमच्याकडे बघितलं, चष्मा लावला, लाल पेन काढलं. बाबा घड्याळ बघत होते. एका प्रश्नाचं उत्तर चांगलं चार पानं होतं. वाळू का कमी होते, असा प्रश्न होता, आणि आईनं नगरपालिकेची खरडपट्टी काढली होती. सर तोंडावर हात ठेवून वाचत होते. शेवटी त्यांनी पंचवीस खोडून सोळा लिहिले.

बाबा खो खो हसले. "घ्या, मागून घेतलं नापास होणं." सरही हसले. मीही हसले. हसू आलं, काय करणार. नगरपालिकेचं ते सगळं तिनं परीक्षेच्या आदल्या दिवशी मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि मी वर न बघता "हो, बरोबर" म्हणाले होते.

आईनं सगळ्या फुल्या नीट बघितल्या. पेपराची घडी घातली.

"फेरपरीक्षा कधी असते?"

"ताई, आता गरज नाही हो. आमचे आठ झाले."

"मी नववी. आठाच्या वर चालत नाही असा काही नियम आहे?"

"तसा नाही, पण…"

"मग कधी?"

"पुढच्या महिन्यात," सर पुटपुटले.

बाबांचं हसू मावळलं. "अगं, नापास झालीस, विषय संपला. तुला काय नोकरी करायचीय?"

"पास झाले असते तर आलेही असते," आई म्हणाली. "नापास होऊन घरी येणार नाही."

बाबांना वाटलं, बोलायला काय जातंय. वाटेत आई झेरॉक्सच्या दुकानात शिरून आली, आम्हाला वाटलं पेपराची प्रत काढत असेल. खोलीवर आलो, आईनं बॅगेकडे बोट दाखवलं, बाबांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी ती उचलली. चांगली जड होती. जिना उतरून ते गाडीच्या डिकीकडे वळले, आणि आई गाडी ओलांडून पुढे. "इकडे," ती म्हणाली. बॅग खाली ठेवावी तर रस्त्यात चिखल, दुकानांच्या दारात माणसं बघताहेत. मग काय, आमचे बाबा बॅग सांभाळत तिच्या मागे. झेरॉक्सच्या दुकानावर एक छोटी खोली होती, तिची किल्ली आईच्या पर्समधून निघाली. बाबांनी बॅग वर नेऊन ठेवली, गाडीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

मी वर गेले. आई खिडकीशी टेबल सरकवत होती.

"आई, वेगळी खोली कशाला? राहायचंच असेल तर माझ्याकडे राहा ना." हे माझ्या तोंडून निघतंय यावर माझाच विश्वास बसेना.

"तुझ्याकडे अभ्यास होणार नाही माझा."

"मी गप्प बसेन. काही बोलणार नाही."

"बोलण्याचं नाही गं," आई म्हणाली. तिनं टेबल सरळ केलं, वही काढली. "हे हसले, ते हसणारच. सर परके. पण तू रोज समोर बसायचीस. मी किती वाचलं होतं ते तुला माहीत होतं. आणि तू हसलीस."

 मी सॉरी म्हणायला पुढे झाले. आईनं तो घडी घातलेला पेपर उघडून टेबलावर पसरला आणि पहिल्या फुलीवर बोट ठेवलं.

"जा आता. आणि दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. खाली आले तर बाबांनी काच खाली केली.

"येतेय का?"

"नाही. अभ्यासाला बसलीये."

बाबांनी गाडी सुरू केली, परत बंद केली. मग त्यांनी विचारलं, "मग आता जेवणाचं काय करायचं?"

माझे डोळे भरून आले होते. "तेवढं वर जाऊन तिला विचारू नका म्हणजे झालं," मी म्हणाले.